मदत हवी आहे: १२७००एच लॅपटॉप रेंडरला ९६ अंशांवर, क्लॉक कोसळतो. पेस्ट, पॉवर लिमिट की चार्जर?

सेक्टर_नऊ (घणसोली)

नमस्कार मंडळी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच भरकटेल.

लॅपटॉप: आय७-१२७००एच प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स (६ जीबी), १६ जीबी रॅम, २३० वॅटचा चार्जर. वॉरंटी संपली आहे. काम ब्लेंडरमधलं, इंटिरियरचे रेंडर.

सिनेबेंच आर२३ (सीपीयूवर पूर्ण लोड देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवला. परफॉर्मन्स मोड, एसी बंद, खोलीत ३२ अंश. पहिला अर्धा मिनिट ९५ वॅट आणि पी-कोर (चिपचे ताकदवान कोर) ३.९ गिगाहर्ट्झ. मग वॅट घसरत घसरत ४६-४७ वर, क्लॉक २.८ वर. तापमान मात्र ९५-९६ ला चिकटलेलं. थ्रॉटलस्टॉप या ॲपच्या लिमिट रीझन्समध्ये (वेग कशामुळे रोखला ते दाखवणारी खिडकी) 'थर्मल' लाल. काहीही चालू नसताना ५८-६०.

अंडरव्होल्ट करायला (चिपला कमी व्होल्टेज द्यायला) गेलो तर व्होल्टेजची खिडकी 'लॉक्ड' दाखवते.

आणखी एक भानगड. ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात १०० वॅटचा टाइप-सी चार्जर लावतो. तिथे एसी २३ वर असतो, लॅपटॉप ७० च्या वर जात नाही, तरी अधूनमधून क्लॉक थेट ०.८ वर येतो आणि माउससुद्धा अडखळतो. काय करू? कूलिंग पॅड घेऊ का?

पारा_चढला

आकडे दिलेत हे बरं केलंत. इथे अर्धे धागे 'लॅपटॉप तापतोय, उपाय सांगा' एवढ्यावरच असतात.

घरचा आणि ऑफिसचा प्रकार वेगळा आहे, एकत्र धरू नका. ऑफिसचं नंतर बघू.

१२७००एचची बेस पॉवर ४५ वॅट, कमाल टर्बो (थोड्या वेळाची उसळी) ११५ वॅट आणि तापमानाची वरची मर्यादा १०० अंश. म्हणजे ९६ ला चिप जळत वगैरे नाही, ती स्वतःच वॅट कमी करून तिथे थांबते. खटकतंय ते हे की ४७ वॅटलाच ९६ आलेत. दोन पंखे आणि ३०६० सामावणाऱ्या बॉडीतून फक्त सीपीयूवर लोड असताना साठ-पासष्ट वॅट तरी सहज बाहेर पडायला हवेत. तेव्हा आत्ता पॉवर लिमिटला हात लावू नका. बिघडलेल्या कूलिंगवर बसवलेले आकडे दुरुस्तीनंतर पुन्हा बदलावे लागतील.

दोन गोष्टी कळवा. एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर ॲपमध्ये सहा पी-कोरचं तापमान वेगवेगळं किती दिसतं? आणि लोड असताना मागच्या जाळ्यांतून येणारी हवा हाताला कशी लागते? चिप ९६ वर आणि हवा जोरात पण कोमट, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. हवाच जेमतेम येत असेल तर फिन्स (हीटसिंकच्या पातळ धातूच्या पट्ट्या) तुंबलेत.

चहा_बिस्किट

एवढं कशाला? पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० चं ९९ करा. लगेच थंड.

पारा_चढला

९९ केलं की टर्बोच बंद होतो. या चिपच्या पी-कोरचा बेस क्लॉक २.३ आहे. आत्ता तापून का होईना २.८ मिळतायत, ते २.३ होतील. बॅटरीवर एक्सेल उघडायचं असेल तर झकास उपाय, रेंडरला नाही.

सेक्टर_नऊ

पी-कोर क्रमाने: ९६, ८२, ८१, ९५, ८०, ८३. डाव्या जाळीतून हवा जोरात पण कोमट, उजवीकडून जेमतेम. गेल्या वर्षी एका दुकानात चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलून घेतली होती. महिनाभर छान चाललं, मग पुन्हा हेच.

स्क्रूड्रायव्हर

मग दोन्ही आहे. दोन कोर ९५ च्या वर आणि बाकीचे ऐंशीच्या आसपास, म्हणजे पंधरा-सोळा अंशांची तफावत. एकाच डायवर (चिपच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर) सारखा लोड असताना पाच-आठ अंशांचा फरक चालतो. इतका असेल तर पेस्ट डायवरून सरकली आहे किंवा हीटसिंक तिरका बसलाय. महिनाभर बरं आणि मग बिघाड हे पेस्ट सरकल्याचं लक्षण. लॅपटॉपच्या चिपवर धातूची टोपी नसते, उघडा डाय थेट तांब्याला टेकतो. तापणं-निवणं चालू राहिलं की दोघांमधली पातळ पेस्ट कडेला ढकलली जाते. डेस्कटॉपला वर्षानुवर्षं चालणारी पेस्ट इथे दगा देते ती यामुळेच.

म्हणून पेस्टऐवजी हनीवेलचं पीटीएम७९५० लावा. ही ०.२५ मिलिमीटरची शीट असते, साधारण ४५ अंशांना मऊ होऊन पसरते आणि सहसा सरकत नाही. नकली माल भरपूर आहे, तेव्हा लॅमिंग्टन रोडला सुटा तुकडा कापून देणाऱ्याकडून घेऊ नका.

उघडताना: लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि मागचं कव्हर निघालं की सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर. पंख्यांचे कनेक्टर प्लॅस्टिकला धरून सोडवा, वायरीला नको. हीटसिंकचे स्क्रू सैल करताना त्यावर कोरलेले आकडे उलट्या क्रमाने घ्या, प्रत्येक थोडा थोडा. हीटसिंक हलत नसेल तर स्क्रू, पंखे आणि बॅटरी परत जोडून लॅपटॉप चालू करा, दहा मिनिटं गरम होऊ द्या, बंद करून पुन्हा बॅटरी सोडवा आणि हळूच पिळा. स्क्रूड्रायव्हरने उचकटाल तर डायचा कोपरा उडेल.

तुमची उजवी बाजू का गुदमरली तेही तिथेच दिसेल. पंखा आणि फिन्स यांच्या मधल्या फटीत धुळीचा नमदा बसतो, राखाडी, बोटाने पट्टीसारखा सोलून निघेल असा. बाहेरून ब्लोअर मारून तो जात नाही, उलट फिन्समध्ये घट्ट बसतो. महापे-घणसोली पट्ट्यात आणि घोडबंदर रोडला बांधकामाची बारीक धूळ दमट हवेत चिकट होते, त्यामुळे आपल्याकडे हा थर लवकर जमतो. पंखा उघडून ब्रशने काढा. हवा मारायचीच असेल तर पाती बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं.

जुनी पेस्ट ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा. पीटीएम कापण्याआधी शीट काही मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे वरची फिल्म न फाटता निघते. डायपेक्षा कणभर मोठा तुकडा कापा, लहान नको. दोन्ही फिल्म निघाल्याची खात्री करा. एक राहिली तर लॅपटॉप चालू होताच १०० दिसेल.

आता खरी मेख. व्हीरॅम (ग्राफिक्सची मेमरी) आणि व्होल्टेजच्या भागांवर जे थर्मल पॅड आहेत ते फाटले नसतील तर तसेच ठेवा. दुकानात 'जरा जाड लावतो, चांगलं बसेल' म्हणून दीड मिलिमीटरचे पॅड लावले जातात, मग हीटसिंक पॅडवर टेकतो आणि डायवर दाब पडत नाही. तुमची तफावत त्यानेही आली असू शकेल. उघडल्यावर पॅडवरचा ठसा बघा. एका बाजूचे चपटे झालेले आणि दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे असतील तर हीटसिंक तिरका बसला होता. जाडी मोजूनच नवीन घ्या, अंदाजाने नको.

चहा_बिस्किट

लिक्विड मेटल का नाही सुचवत कोणी? सगळ्यात थंड तेच.

स्क्रूड्रायव्हर

काही कंपन्या कारखान्यातूनच लावतात, पण त्या भोवती फोमचं कुंपण आणि कॅपॅसिटरवर इन्सुलेशन देतात. हे मिश्रण गॅलियमचं असतं, वीज वाहतं आणि ॲल्युमिनियम खातं. रोज घणसोली-ठाणे लोकलमध्ये पाठीवर हिंदकळणाऱ्या लॅपटॉपात घरी बसून लावायची गोष्ट नाही. पीटीएमपेक्षा तीन-चार अंश कमी होतील, पण एक थेंब घसरला तर मदरबोर्ड गेला.

खाडीपलीकडची

कूलिंग झालं की पॉवरचं. अंडरव्होल्टचा नाद सोडा. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्टची त्रुटी (व्होल्टेज बदलून चिपची सुरक्षा मोडता येते ती) जाहीर झाली, त्यानंतर व्होल्टेजची दारं बंद होत गेली आणि १२७००एचवर बहुतेक ठिकाणी ती बंदच आहेत. बायोसच्या लपवलेल्या सेटिंगांशी खेळून उघडता येतात असे व्हिडिओ सापडतील. एक चुकीचा आकडा आणि लॅपटॉप चालू व्हायचा नाही.

(एचएक्स चिपवाले वाचत असतील तर: तुम्हाला बऱ्याचदा जमतं. बायोसमधलं अंडरव्होल्ट प्रोटेक्शन आणि विंडोजची मेमरी इंटिग्रिटी आड येते, आणि मेमरी इंटिग्रिटी बंद करणं म्हणजे सुरक्षा कमी करणं, हे समजून करा. कोर आणि पी-कॅशेला सारखंच -५० मिलिव्होल्ट, मग १०-१० ने खाली. 'सेव्ह करू नका' हा पर्याय ठेवा म्हणजे क्रॅश झाल्यावर सगळं पूर्ववत होतं. आणि फक्त सिनेबेंच पास झाला म्हणून खूश होऊ नका, अस्थिर अंडरव्होल्ट बरेचदा हलक्या कामात, ब्राउझर उघडताना आपटतो.)

सेक्टर_नऊ, तुमच्यासाठी थ्रॉटलस्टॉपमधली टीपीएल म्हणजे पॉवर लिमिटची खिडकी. पीएल१ म्हणजे कायम चालणारे वॅट, पीएल२ म्हणजे सुरुवातीची उसळी, टर्बो टाइम लिमिट म्हणजे उसळीचा काळ. पीएल१ ६०, पीएल२ ८०, वेळ २८ सेकंद यापासून सुरू करा. दहा मिनिटांचा लूप, शेवटच्या दोन मिनिटांचं तापमान बघा. ८५ च्या खाली असेल तर पीएल१ ५ ने वाढवा, ९० ओलांडलं तर ५ ने कमी.

कमी वॅटला वेग फारसा का पडत नाही? चिप खाते ती वीज क्लॉकच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि शेवटच्या काहीशे मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज झपाट्याने चढवावं लागतं. म्हणजे ६० वरून ९० वॅट केले तर दीडपट वीज जाते, दीडपट वेग मिळत नाही.

पॉवर लिमिट दोन ठिकाणी लिहिलेली असते, एमएसआर आणि एमएमआयओ, आणि जी कमी ती लागू होते. म्हणून 'सिंक एमएमआयओ' टिक करा. कंपनीचं ॲप मोड बदलला की आपले आकडे पुसतं, तेव्हा आधी ॲपमध्ये मोड ठरवा, मग थ्रॉटलस्टॉप लावा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही ब्लेंडरच्या सायकल्स इंजिनमध्ये रेंडर करता ना? मग सीपीयू का जाळताय? प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम, तिथे ऑप्टिक्स (म्हणजे जीपीयूवर रेंडर) निवडा आणि यादीतली सीपीयूसमोरची टिक काढा. हीटपाइप दोघांचे सामायिक आहेत. सीपीयू ५० वॅट ओतायला लागला की जीपीयूचा क्लॉक पडतो आणि एकूण रेंडर उशिरा होऊ शकतो.

सेक्टर_नऊ

ताई, ऑप्टिक्सच वापरतो, पण सीपीयूची टिक चालू होती! मात्र मोठ्या सीनना ६ जीबी पुरत नाही, ते सीपीयूवरच काढावे लागतात.

खाडीपलीकडची

मग दोन प्रोफाइल करा. सीपीयू रेंडरला ६०/८०. जीपीयू रेंडरला पीएल१ ३५, पीएल२ ५०, कारण तेव्हा सीपीयू फक्त माल पुरवतो. जीपीयूला आफ्टरबर्नर ॲपमध्ये कंट्रोल-एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा वक्र उघडा, ०.८ व्होल्टचा बिंदू १६५० मेगाहर्ट्झवर नेऊन अप्लाय करा. त्याच्या उजवीकडचे बिंदू त्याच उंचीवर सपाट झाले पाहिजेत. रेंडरमध्ये ठिपके आले किंवा ड्रायव्हर कोसळला तर २५-२५ ने खाली या. आणि टेक्श्चर ४के वरून २के केलीत तर निम्मे मोठे सीन ६ जीबीत बसतील, ते आधी करून बघा.

नौपाडकर

ऑफिसचा घोळ उष्णतेचा नाहीच. १०० वॅटमध्ये स्क्रीन, रॅम, सीपीयू आणि ३०६० भागत नाही. कमी पडलेलं बॅटरी भरून काढते, आणि तीही पुरेना झाली की बोर्ड सीपीयूला 'थांब' असा इशारा देतो, त्याला बीडी प्रोचॉट म्हणतात. मग क्लॉक ०.८ किंवा ०.४ वर. ऑफिसात असं झालं की लिमिट रीझन्समध्ये तीच ओळ लाल दिसते का बघा. थ्रॉटलस्टॉपमध्ये त्याची टिक काढून टाका असा सल्ला कुठेतरी वाचाल, काढू नका. चार्जर कमी पडतोय हे त्याने बदलत नाही, फक्त बोर्डाची ओरड बंद होते. टाइप-सीवर असताना तिसरं प्रोफाइल ठेवा, पीएल१ २५, पीएल२ ३५, आणि जड रेंडर घरीच. तेवढ्याने भागेल.

कूलिंग पॅडचं: उघड्या पंख्यांचे यूएसबी पॅड दोन-चार अंश देतात. मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली तर जवळपास तेवढंच फुकट मिळतं. फोमची कड असलेले ब्लोअर पॅड जास्त देतात, पण आवाज असह्य आणि धूळ दुप्पट. त्यापेक्षा रेंडरच्या वेळी एसी लावा, खोली आठ अंशांनी उतरली की चिपही साधारण तेवढीच उतरते.

पावसाळ्यात एक जपा. २२ अंशांच्या एसीतून थंडगार लॅपटॉप जुलैच्या दमट हवेत काढला तर आतल्या धातूवर दव धरू शकतं. घरी पोचल्यावर अर्धा तास बॅगेतच राहू द्या, मग चालू करा.

सेक्टर_नऊ

काम झालं. उजव्या फिन्समध्ये अख्खी पट्टी निघाली, आणि व्होल्टेजच्या भागांवरचे पॅड एका बाजूला जाड होते, ठसा फक्त कडेला. मोजून १ मिलिमीटरचे लावले, पीटीएम लावलं. आता खोलीत ३१ असताना पीएल१ ६५ ला ८७-८८, पी-कोरमधली तफावत सहा अंश, क्लॉक ३.३. ऑफिसात बीडी प्रोचॉटच लाल होता.

एकच अडचण: लॅपटॉप झोपेतून उठला की पीएल१ परत ९० होतो.

खाडीपलीकडची

झोपेतून उठल्यावर बोर्डाचा कंट्रोलर स्वतःचे आकडे लिहितो. टास्क शेड्युलरमध्ये थ्रॉटलस्टॉपसाठी दोन ट्रिगर द्या, लॉगिन आणि वर्कस्टेशन अनलॉक. 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस' टिक हवंच. 'एसी पॉवर असेल तरच' ही अट काढा, ती मुळात चालू असते आणि बॅटरीवर टास्क सुरूच होत नाही. टास्क आधीच चालू असेल तर काय करायचं त्या यादीत 'स्टॉप द एक्झिस्टिंग इन्स्टन्स' निवडा, नाहीतर अनलॉकचा ट्रिगर वाया जातो. आणि पीटीएमला आणखी थोडे दिवस द्या, काही वेळा तापून-निवून पसरल्यावर अजून एक-दोन अंश उतरतात. मग ७० करून बघा.