अनुभव धागा: कोरोनाच्या साथीच्या दिवसांत तुमच्या दारात काय घडलं? (सातारा-सांगलीकरांसाठी)

२२ मार्च २०२० ला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, आम्ही इस्लामपुरात गच्चीवर उभं राहून थाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी सौदीहून परतलेल्या एका घरातल्या चौघांचे रिपोर्ट पॉझिटिव्ह आले. आठवड्याभरात आकडा २५ च्या घरात. गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले, दूध-भाजी दारात यायला लागली. आईला म्हशीचं दूध लागतं. तिने कुरकुरत गाईच्या दुधाचा चहा प्यायला. पुढे त्यातले बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले, पण बाहेरगावचे पाहुणे कितीतरी दिवस आमच्याशी फोनसुद्धा लांब धरून बोलत असावेत असं वाटायचं.

बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. घरात काय झालं ते लिहा. सरकारचं काय पटलं, काय नाही, तेही.

पाटणकर
आमच्या खोऱ्यात घरटी एक माणूस मुंबईत, बरेचसे माथाडी. मे २०२० मध्ये ई-पास काढून मी, बायको आणि पोरगी गावी निघालो. डाव्या हातावर विलगीकरणाचा शिक्का. वेशीवर गावच्या कोरोना समितीची पोरं उभी, त्यातला एक माझा वर्गमित्र. तोंडावर रुमाल बांधलेला, तरी मला बघून नजर चुकवली. १४ दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत. मी जिथे चौथी शिकलो तोच वर्ग.

आई रोज व्हरांड्याच्या पायरीवर डबा ठेवायची आणि वडाखाली जाऊन उभी राहायची. "जेवलास का रं? भाकरी गार तर न्हाय झाली?" डब्यावर बायकोच्या नेलपॉलिशने आमचं नाव लिहिलेलं, म्हणजे दुसऱ्या घरचा डबा मिसळायला नको. रिकामा डबा ती लगेच घ्यायची नाही. राख घालून ठेवायची, दुसऱ्या दिवशी घासायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेत संडास एकच, माणसं एकवीस. साहेब येऊन फोटो काढून गेले. पाण्याची टाकी मात्र गावच्या पोरांनी वर्गणी काढून बसवली. त्यात तो वर्गमित्रही होता, हे मला नंतर कळलं.

आशाताई, जत
१५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'. हातात तापमापक, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा ऑक्सिमीटर आणि रजिस्टर. लोकांना वाटायचं, ताईला खरं सांगितलं की गाडी येऊन उचलून नेणार. मग खोकला दाबून धरायचे. एका आजोबांनी मी जाईपर्यंत दाबला आणि मी उंबरा ओलांडल्यावर सोडला. मी परत आत गेले.

ऑक्सिमीटरचं पण एक शास्त्र आहे. बोट गार असलं किंवा नखाला रंग असला की आकडा उगाच कमी दाखवतो. बायकांची मेंदी, नेलपॉलिश बघून बोट बदलायचं, तळहात चोळायला लावायचा. ९५ च्या खाली आला तर बसवून पुन्हा बघायचं. बरे दिसणाऱ्यांना सहा मिनिटं अंगणात चालायला लावायचं आणि परत मोजायचं. आजोबा चालल्यावर ९६ चे ९१ झाले. त्यांना मिरजेला हलवलं, वाचले. आमच्या मानधनाबद्दल लिहीत नाही, लिहायला बसले तर धागा पुरायचा नाही.

बेदाणावाला, तासगाव
द्राक्ष ऐन काढणीला आणि व्यापाऱ्याचा फोन बंद. निम्मी बाग बेदाण्याला टाकली, बाकीची गावात फुकट वाटली. एवढंच.

सातारा, नाव नको
एप्रिल २०२१. वडिलांसाठी बेड शोधताना रात्रभर फोन. एका खासगी दवाखान्यात ऑक्सिजनचा बेड मिळाला, पण सकाळी चिठ्ठी हातात: सहा रेमडेसिव्हिर घेऊन या. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांसाठी हे इंजेक्शन नको म्हटलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी रांगेत उभा होतो. सरकारने वाटप जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती दिलं तेव्हा काळाबाजार थोडा आटोक्यात येईल असं वाटलं. आमच्यापुरता तरी आला नाही. दोन कुप्या मिळाल्या, किंमत सांगत नाही.

वडिलांना खरा आराम पडला तो नर्सने पालथं झोपवलं तेव्हा. छातीखाली उशी, मान एका बाजूला. ती दर दोन तासांनी येऊन कूस बदलायला लावायची. पीपीई किटमुळे तिचा चेहरा आम्ही शेवटपर्यंत पाहिला नाही.

वाईचा
लसीच्या टोकनसाठी पहाटे प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. पाहतो तर पुण्याच्या पासिंगच्या गाड्या. पुण्यात नंबर लागेना म्हणून लसनोंदणीच्या ॲपवर आमचं केंद्र निवडलेलं! गावातली म्हातारी माणसं कठड्यावर बसलेली. मग कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं आणि रांगच पातळ झाली.

कृष्णाकाठ, सांगली
आमचं वेगळंच. जुलै २०२१ मध्ये साथ संपली नव्हती आणि नदी घरात शिरली. निवारा केंद्राच्या दारात नाकात काडी घालून ॲंटिजेन टेस्ट, निगेटिव्ह आला की आत. मास्क पावसात भिजून तोंडाला चिकटलेला, बदलायला दुसरा नाही. फळ्यावर खडूने लिहिलेलं, "दोन हातांचं अंतर ठेवा." त्या फळ्याखाली आम्ही सात कुटुंबं झोपलो.