शिकागो ते सॅन फ्रान्सिस्को रेल्वेने: आईबाबांबरोबर जाताना काय चुकवू नये?

रानवाटा:
सप्टेंबरअखेर आईबाबांना घेऊन कॅलिफोर्निया झेफिर या गाडीने शिकागोहून एमरीविलला (सॅन फ्रान्सिस्कोजवळचं शेवटचं स्टेशन) जायचं ठरतंय. ३९२४ किलोमीटर, दोन रात्री. बाबांचे गुडघे दुखतात. आईला एकही डोंगर चुकवायचा नाही. झोपायची खोली घ्यावी की खुर्च्यांवर भागेल? आणि नेमकं कुठे जागं राहायचं?

खिडकीपाशी:
मी दोनदा केलाय हा प्रवास. गाडी दुपारी दोनच्या सुमारास सुटते, संध्याकाळी मिसिसिपी ओलांडते, मग अंधार. त्या रात्री लवकर झोपा, अगदी आग्रहाने सांगते. खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी डेन्व्हरनंतर सुरू होते ती दिवेलागणीपर्यंत.

डेन्व्हरला गाडी बराच वेळ थांबते. तेवढ्यात सगळं आवरून मोठ्या काचांच्या लाउंज डब्यात जाऊन बसा. खुर्च्या खिडकीकडे तोंड करून असतात, काचा छतापर्यंत वळलेल्या. तिथे आरक्षण नसतं, आधी येईल त्याची जागा. चढावर एका मोठ्या वळणाशी जुने मालडबे वाळू भरून कायमचे उभे करून ठेवलेत, वाऱ्याने गाडी कलंडू नये म्हणून. आईंना नक्की दाखवा.

मग बोगद्यांमागून बोगदे आणि शेवटी मॉफॅट, १९२८ सालचा, जवळजवळ १० किलोमीटर लांब. आत असताना डब्यांमधली दारं उघडू देत नाहीत, धूर आत शिरतो. त्यामुळे जिथे बसायचंय तिथे आधीच पोचा. हा बोगदा पाणलोटाच्या रेषेखालून जातो: अलीकडचं पाणी मेक्सिकोच्या आखाताकडे, पलीकडचं पॅसिफिककडे. बाहेर आल्यावर थोड्याच वेळात कोलोरॅडो नदी भेटते आणि तासन्‌तास सोबत करते. मला सगळ्यात आवडते ती रुबी कॅन्यन. तिथे गाडीरस्ताच नाही, रेल्वेने नाहीतर होडीने जायचं. उतरत्या उन्हात ते लाल कडे बघताना माझ्या शेजारच्या आजी रडत होत्या. मलाही बोलवेना.

दोनरूळ:
बाबांसाठी खोली घ्याच, जेवण तिकिटातच येतं. पण छोट्या खोलीचा वरचा पलंग म्हणजे चढउतार, आणि शौचालय खोलीबाहेर. गाडी दुमजली आहे. खालच्या मजल्यावरची खोली मिळाली तर बाबांना जिना टळेल. मात्र एका डब्यातून दुसऱ्यात जायचं तर वरूनच जावं लागतं. अटेंडंटला सांगितलं तर जेवण खोलीत आणून देतात.

लाउंजचा मात्र फार हट्ट नको. वयस्क माणसांना तिथे दिवसभर बसवणं बरोबर नाही. घाट आणि रुबी कॅन्यन तिथून बघा, बाकी खोलीच्या खिडकीतून.

खिडकीपाशी:
हे पटलं. मी एकटी होते, म्हणून मला जमलं.

पाऊलखुणा:
तिसऱ्या दिवसाबद्दल कोणीच लिहिलं नाही! सॉल्ट लेक सिटी मध्यरात्रीच्या आसपास जातं, ते सोडून द्या. सकाळी रिनोनंतर जागे राहा. ट्रकीच्या पुढे उजव्या हाताला खाली डॉनर तलाव दिसतो. १८६९ साली पूर्ण झालेली खंडपार रेल्वे याच डोंगरांतून गेली, आणि इथले कडे फोडले ते हजारो चिनी मजुरांनी. हे आधी वाचून गेलात तर तो घाट वेगळाच दिसतो.

फोटोंसाठी: लेन्स काचेला टेकवा आणि भोवती गडद ओढणी धरा, प्रतिबिंब येत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांत नेटवर्क जातं. पोचायच्या दिवशी पुढचं विमान ठेवू नका. रूळ बहुतेक मालगाड्यांच्या कंपन्यांचे आहेत, उशीर होतोच.

रानवाटा:
खालच्या मजल्यावरची खोली मिळाली, आत्ताच आरक्षण केलं! आईला मॉफॅटबद्दल सांगितलं, तर ती विचारतेय की पाणी दोन बाजूंना वाटलं जातं ती जागा गाडीतून ओळखू येते का?

खिडकीपाशी:
नाही, ती तुमच्या डोक्यावर असते, अंधारात. बोगद्यात शिरताना घड्याळ बघा म्हणावं. साधारण दहा मिनिटं लागतात.