मदत हवी आहे: नदीत चालत जाऊन गूजची (रानहंसांची) शिकार, डिकॉय (भुलवायला मांडायचे नकली पक्षी) कोणते घ्यावेत आणि वाहायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी नेब्रास्कात कर्नीजवळ राहतो. गेल्या हिवाळ्यापासून ऑफिसातल्या एकाच्या नादाने कॅनडा गूजच्या शिकारीला जायला लागलोय. परवाना, २५ डॉलरचा फेडरल डक स्टँप (पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी लागणारं सरकारी तिकीट), शिशाऐवजी स्टीलचे छर्रे, सगळं नियमात आहे. (लहानपण पैठणला, नाथसागरावर पट्टकादंब, म्हणजे तिकडचे गूजच, बघण्यात गेलं. तिकडे शिकारीवर बंदी आहे आणि ती राहावीच. शिवाय ‘पाप लागेल’ हे आईने फोनवर सांगून झालंय, त्यामुळे कृपया फक्त डिकॉयबद्दल बोला.)

माझ्याकडे होडी नाही, शेतकऱ्यांशी ओळख नाही. सरकारी जागेत गाडी लावायची आणि प्लॅट नदीपर्यंत पाऊण मैल तंगडतोड. आधी वाळकं गवत, मग विलोची झुडपं, मग गुडघाभर पाण्याचे दोन फाटे, तेव्हा कुठे वाळूचं बेट. नदी उथळ आहे खरी, पण तळाची वाळू पायाखालून सरकत राहते.

हौसेने डझनभर फुल-बॉडी (अख्ख्या पक्ष्याच्या आकाराचे) डिकॉय जुन्यात घेतले. दिसायला झकास, पण आत पोकळ आणि एकात एक बसत नाहीत. दोन जाळीच्या पिशव्या भरल्या की पाठीवर दिवाळीचा आकाशकंदील घेतल्यासारखा मी. मागच्या शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो, दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला विलोच्या फांदीत पिशवी अडकून फाटली, दोन डिकॉय फाट्यात पडून वाहून गेले. त्यांच्यामागे धावताना वेडर्समध्ये (पाण्यात चालायच्या रबरी पोशाखात) पाणी. उणे दहा तापमान! वर माझ्या धडपडीने बेटावर बसलेले शे-दीडशे गीज (गूजचं अनेकवचन) ओरडत उडाले ते परत फिरकलेच नाहीत. बुजगावणं मीच झालो.

प्रश्न:
सिल्हूट (चपटे) घ्यावेत की शेल (नुसत्या पाठीचे, खालून उघडे)? तरंगणारे लागतातच का? आणि ओढायला स्लेड (बिनचाकांची घसरगाडी) बरी की चाकांची गाडी?

— पैठण_ते_प्लॅट

झोपाळू_शिकारी:
डिकॉयचं नंतर बघू. राव, पहाटे कशाला जाता? गीज रात्री त्याच बेटावर मुक्कामाला असतात. अंधारात तुम्ही त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरलात. सकाळी ते मक्याच्या कापलेल्या शेतांत चरायला जातात आणि पोट भरलं की पाणी प्यायला, आराम करायला परत नदीवर येतात. ते गेल्यावर जा, नऊपर्यंत मांडामांड करा, चहाचा थर्मास उघडा. मुक्कामाच्या जागी त्यांना सतत उठवलं तर ते ती नदीच सोडतात.

आरामाच्या जागेला पंधरा-वीस डिकॉय पुरतात. फुल-बॉडी घरी ठेवा, कुणी शेतात बोलावलं तर वापरा.

मिनेसोटावाला:
वरच्याशी सहमत. मी चालत जातो तेव्हा एक डझन सिल्हूट आणि सहा शेल नेतो. सिल्हूट म्हणजे चपटे पत्रे, पाठीवरच्या पिशवीत वहीसारखे राहतात. सगळे एका दिशेला लावू नका. पातळ कडेकडून बघितलं तर ते दिसतच नाहीत, म्हणून वेगवेगळ्या कोनांत खोचा. वरून फिरणाऱ्या पक्ष्याला एक दिसेनासा होतो, दुसरा दिसू लागतो, आणि कळप हलतोय असं वाटतं. वाळू गोठली असेल तर खुंटी शिरत नाही, एक लांब स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी ठेवा. शेल द्रोणांसारखे एकात एक बसतात. ते झोपलेले पक्षी म्हणून वाळूवर नुसते टेकवायचे.

तरंगणारे चारच, तेही बेटाच्या खालच्या बाजूला, जिथे पाणी संथ असतं. धारेत लावले तर डोकं खाली घालून थरथरतात, लांबूनच खोटे कळतात. सगळे एकाच दोरीला, वरच्या टोकाला एक जड नांगर.

गीज वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, तेव्हा डिकॉयच्या मध्ये मोकळी जागा सोडा. डिकॉयवर दंव साठलं की चमकतात, पुसायला जुना टॉवेल न्या.

गाडी नको, बारीक चाकं वाळूत रुततात. प्लास्टिकची स्लेड घ्या, पाण्यात तरंगते आणि गवतावरून घसरते. फक्त कोरड्या वाळूत जीव काढते. दोरी कमरेला गाठ मारून बांधू नका, हातात धरा. पाय घसरला तर ती सोडता आली पाहिजे. वेडर्सचा पट्टा मात्र घट्ट.

आणि परतीचा हिशेब करा. एकेक गूज चार-पाच किलोचा. तीन मिळाले तर डिकॉयपेक्षा तेच जड.

पैठण_ते_प्लॅट:
दोघांचेही आभार. मुक्कामाचं डोक्यातच आलं नव्हतं, आणि सहकाऱ्यानेही सांगितलं नाही (तो बहुधा झोपायला मिळेल म्हणून खूश होईल). सिल्हूट मागवतोय. फुल-बॉडी दहा उरलेत. ओमाहा-लिंकनकडे कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाटकी पिशवी फुकट.