नृत्य आणि दुसरी पदवी, दोन्ही एकदम केलेल्यांनो, इथे लिहा (अनुभव धागा)

शाल्मली_प
भाचीचा मेसेज आला, "मावशी, स्टॅटिस्टिक्सचं सेमिस्टर आणि कथकची विशारद प्रथम परीक्षा एकदम झेपेल का? फॉर्म भरू?" कुकर लावला होता, शिट्ट्या किती झाल्या तेही कळलं नाही. सगळी कॉलेजची वर्षं डोळ्यापुढे आली.

मी पुण्यात बीएस्सी गणित करता करता कथक विशारद केलं. विषयांचा त्रास कधीच झाला नाही, झाला तो वेळापत्रकाचा. नृत्य-संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गंधर्व मंडळाची सत्रं एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, विद्यापीठाच्या परीक्षाही नेमक्या त्याच सुमारास. प्रारंभिक ते विशारद पूर्ण अशा सात परीक्षा. शाळेत सुरुवात केलेली मुलगी शेवटच्या दोन-तीन परीक्षांना बरोबर कॉलेजात सापडते, आणि त्याच सगळ्यात जड! तालाचा ठेका दुगुन-चौगुनीत (दुप्पट-चौपट लयीत) लिहून काढायचा आणि दोन दिवसांनी रिअल अ‍ॅनालिसिसचा पेपर. पण पेपरच्या आदल्या रात्री थोडा वेळ ततकार (कथकचं पायांचं काम) केला की डोकं स्वच्छ व्हायचं, हे अगदी खरं. तुमचं कसं झालं? भाचीला हा धागाच पाठवणार आहे.

मिहीर_कोथरूड
मेकॅनिकल + कथक. मला तर एकाचा दुसऱ्याला फायदाच झाला. तिहाई घ्या, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तीनताल १६ मात्रांचा, त्यात पहिल्या मात्रेपासून पुढच्या समेपर्यंत, सम धरून, १७ मात्रा. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम (थांबा), परत पाच, दम, परत पाच. शेवटचा धा थेट समेवर. झपतालात ११, म्हणून ३-१-३-१-३. धमारात १५, तिथे ५-५-५, मधे दमच नाही, बेदम. कथकच्या ताईंनी हे टाळी देत शिकवलं. मी घरी जाऊन समीकरण मांडलं: तीन बोल अधिक दोन दम = मात्रा अधिक एक. दुसऱ्या दिवशी वही दाखवली. ताईंनी पूर्ण वाचली, म्हणाल्या, "छान आहे. आता पायातून काढ."

गौराई
मिहीर, ही पोस्ट लेकाला वाचून दाखवली. आठवीत आहे, गणिताला घाबरतो, तबला वाजवतो. वही घेऊन बसलाय आता. खूप थँक्यू रे.

मिहीर_कोथरूड
काकू, त्याला रूपक द्या, सात मात्रांचा. गंमत म्हणजे तिथे सम टाळीवर नाही, 'खाली'वर (टाळी न देता दाखवायच्या मात्रेवर) येते.

चेतना न
माझं राहिलं. दुसऱ्या वर्षी ७५ टक्के हजेरीवरून कॉलेजने परीक्षेचा फॉर्मच अडवला. कार्यक्रमाची पत्रं, ताईंचं पत्र, सगळं दिलं होतं. खेळाडूंना सवलत होती, नाचणाऱ्या मुलीला नाही. विशारदच्या आधीच, मध्यमा पूर्णवर थांबले. आता मुलगी मोठी झाल्यावर परत क्लास लावलाय. बास एवढंच.

शाल्मली_प
चेतना 🫂 परत सुरू केलंस ना, फार बरं वाटलं वाचून.

अनघा_फिजिओ
ओपीडी संपली, आता लिहिते. मी फिजिओथेरपी शिकताना भरतनाट्यम चालूच ठेवलं. अरैमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, पाय बाहेर वळतात ते खुब्यातून वळायला हवेत. खुबा तेवढा वळत नसेल तर मुली गुडघ्यातून आणि पावलातून ती कसर भरून काढतात, आणि मग गुडघा आतल्या बाजूला दुखायला लागतो. हे अ‍ॅनाटॉमीच्या तासाला हाडं हातात धरून कळलं आणि संध्याकाळी क्लासमधल्या धाकट्या मुलींचे गुडघे बघून तिथेच सांगितलं. गुडघा पावलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत येतोय का, आरशात बघा. येत नसेल तर पावलं कमी उघडा. बैठक नंतर खाली जाते.

बडोद्याची_सून
पुण्यामुंबईच्या बाहेरचं पण लिहा की. आमच्याकडे सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची वेगळी फॅकल्टीच आहे, नृत्यात पदवी मिळते. मूळ अजून मागे जातं. सयाजीरावांची पहिली राणी चिमणाबाई तंजावरची, लग्नानंतर तिकडचे नाचणारे-वाजवणारे कलाकार बडोद्याला आले. आणि तंजावरच्या भोसले राजांपैकी दुसरे शहाजीराजे, सरफोजीराजे, यांनी मराठीतून नृत्यासाठी रचना केल्या. भरतनाट्यम नर्तकी सुचेताताई चापेकरांनी त्या शोधून भरतनाट्यमात बसवल्या. मी इतिहासात एमए करत होते तेव्हा प्रबंधाला विषय मिळेना, तट्टअडवू (भरतनाट्यमच्या पायाभूत पदन्यासांचा सराव) करता करता हाच सुचला. गाईडना पटला 😊

इंद्रायणी९
वा! प्रबंध वाचायला मिळेल का ताई?

बडोद्याची_सून
व्यनि (खासगी मेसेज) कर गं. उद्या बघते, आज पाहुणे आहेत, उंधियू चाललाय.

सांगलीकर_विनू
उंधियू!! कृती टाका.

प्राजू
सध्या शिकणारी मी एकटीच दिसतेय इथे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बीए भरतनाट्यम, सोबत मुक्त विद्यापीठातून बीकॉम. केंद्रात गुरुकुल पद्धत आहे, रियाज गुरूंकडे आणि बाकीचे तास विद्यापीठात, त्यामुळे दिवस मोठा होतो पण एका जागी अडकत नाही. शाल्मलीताई, भाचीला हे सांगा: एप्रिल २०२२ पासून यूजीसीने दोन पूर्णवेळ पदव्या एकदम करायला परवानगी दिली आहे, वर्गांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत एवढं बघायचं. पण नियम आहे म्हणून ऑफिसातल्या सगळ्यांना तो माहीत असतो असं नाही. परिपत्रकाची प्रिंट बरोबर ठेवा. मला दोनदा दाखवावी लागली.

एक_आई_ठाणे
लेकीला लॉ करायचंय आणि मोहिनीअट्टम (केरळची नृत्यशैली) पण. घरचे म्हणतात एक काहीतरी धर. काय करू?

प्राजू
काकू, घरच्यांना कनक रेळ्यांचं सांगा! त्या कायदा शिकलेल्या होत्या, आणि मोहिनीअट्टममधलं त्यांचं काम तर सगळ्यांना माहीत आहे. मुंबईत नालंदा नृत्यकला महाविद्यालय उभं केलं, विद्यापीठाची पदवी मिळते तिथे. एक धरायला त्यांना कोणी सांगितलं असतं तर आपल्याला नालंदा मिळालं नसतं.

एक_आई_ठाणे
हे आज रात्रीच जेवताना सांगते. देव भलं करो तुझं.

सांगलीकर_विनू
माझा नाचाशी संबंध नाही, पण होस्टेलला वरच्या खोलीत एक जण पहाटे ततकार करायचा. आम्ही तक्रार करणार होतो, मग एका गॅदरिंगला त्याला स्टेजवर बघितलं. पढंत करून, म्हणजे बोल तोंडाने म्हणून, मग तेच बोल पायातून वाजवले पठ्ठ्याने. त्यानंतर अलार्म बंद केला, त्याच्या पायांनीच उठायचो. इलेक्ट्रॉनिक्सला होता. पासही आमच्या आधी झाला.

चेतना न
अनघा, एक विचारू? परत सुरू केल्यापासून नडगीच्या पुढच्या बाजूला दुखतं. सोडावं लागेल का 😟

अनघा_फिजिओ
नाही गं, लगेच घाबरू नकोस. आधी सांग, क्लास कशावर होतो? फरशी थेट सिमेंटवर असेल तर पायाचा मार नडगीलाच बसतो, वर सतरंजी टाकून फार फरक पडत नाही. लाकडी जमीन मिळाली तर उत्तम. मोठ्या खंडानंतर सुरू केलंस ना, मग आधी ठाय (संथ) लयीत ततकार कर, चौगुनीची घाई नको. पोटऱ्यांचं स्ट्रेचिंग रोज. बोटाने दाबून एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर मात्र न नाचता आधी डॉक्टरांना दाखव. बाकी व्यनित लिही, क्लासचा व्हिडिओ असेल तर तोही पाठव.