हसायला बसलो आणि फसलो : युद्धावरचे पडेल विनोदी सिनेमे

निवांत_एकदम
काल रात्री फोनवर उगाच काहीबाही बघत होतो. आकाशपाळण्याचं अख्खं चक्र निखळून धक्क्यावरून गडगडत समुद्रात जातंय, अशी एक फीत समोर आली. अरे, हा तर '१९४१'! स्पीलबर्गचा, १९७९ सालचा. दादाने कॅसेट आणली होती. "जॉजवाल्याचा विनोदी सिनेमा आहे" असं सांगून अख्ख्या घराला बसवलं होतं त्याने.

सुरुवात फक्कड होती. अंधारात एक बाई पोहतेय, जॉजचंच धडधड संगीत, बाईसुद्धा तीच. पण पाण्यातून शार्कऐवजी जपानी पाणबुडीची दुर्बीण वर येते आणि बाई तिला लटकलेली. आम्ही लोळलो. मग पडद्यावरचा आरडाओरडा वाढत गेला आणि आमचं हसू आटत गेलं. बाबांनी पेपर उघडला. दादा बिचारा एकटाच हसत राहिला, कारण कॅसेट त्याने आणली होती ना.

आता पुन्हा लावला. विनोदांची कमतरता अजिबात नाहीये, कुणाची टर उडवायची तेच ठरलेलं नाही. सैनिक मूर्ख, नागरिक मूर्ख, जपानी मूर्ख, जर्मन मूर्ख. त्यामुळे कुणालाच लागत नाही. तुमचेही असे अपेक्षाभंग लिहा. युद्धाची खिल्ली उडवायला निघालेले आणि वाटेतच बसलेले सिनेमे.

खिडकीतली
+१. त्या कर्कश गोंधळाने आमचं बाळ उठलं होतं, त्याचा राग अजून आहे.

अर्धवटराव
पण पाणबुडीतले प्रसंग भारी आहेत हो! कप्तान झालेला नट तोशिरो मिफुने जपानीत बोलतो, जर्मन अधिकारी झालेला क्रिस्टोफर ली जर्मनमध्ये, आणि दोघांना एकमेकांचं व्यवस्थित कळतं. शिवाय हॉलिवूड शोधायला निघालेत आणि होकायंत्र बिघडलेलं. मग त्यांनी पकडून आणलेला तो नट स्लिम पिकन्स खाऊच्या पाकिटातलं खेळण्यातलं होकायंत्र गिळतो आणि हे लोक ते "बाहेर" काढायला त्याला सुक्या आलूबुखाराचा रस पाजत बसतात. माझी हसून हसून पुरेवाट. नंतरचं काही आठवत नाही म्हणा.

निवांत_एकदम
तेच म्हणतोय. नंतरचं कुणालाच आठवत नाही.

कडूलिंब
धागा वाचून राहवलं नाही. मोबाईलवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

सिनेमाचं मूळ खऱ्या घटनेत आहे, म्हणून तर जास्त चिडचीड होते. २३ फेब्रुवारी १९४२ला जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या एलवुड तेलक्षेत्रावर तोफगोळे डागले. नुकसान किरकोळ. पण दुसऱ्या रात्री लॉस एंजेलिसच्या आकाशात विमानं आली असं समजून विमानविरोधी तोफांनी १४००हून जास्त गोळे उडवले. बॉम्ब एकही पडला नाही. अमेरिकेच्या नौदलमंत्र्यानेच खोटा इशारा होता म्हणून सांगितलं. आयतं प्रहसन समोर ठेवलेलं! सिनेमाने ते डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या पाठोपाठ नेलं. तेही चालेल.

पण या गोळाबाराच्या चारच दिवस आधी, १९ फेब्रुवारीला, अध्यक्ष रूझवेल्टने आदेश ९०६६वर सही केली होती. त्याच भीतीपोटी काढलेल्या त्या आदेशामुळे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरंदारं सोडून छावण्यांत जावं लागलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. भीतीने वेड्या झालेल्या शहरावर व्यंग करायचं तर खरा दंश इथे होता. सिनेमा त्या बाजूला फिरकतच नाही. खोटं विमान दाखवतो, खरी माणसं गाळतो.

खिडकीतली
बापरे, हे माहीत नव्हतं. आता तो गोंधळ वेगळाच वाटतोय.

कडूलिंब
झूट सूट (म्हणजे तेव्हाचे ढगळ फॅशनचे सूट) दंगलीचंही तेच. १९४३ला नौदलाच्या पोरांनी मेक्सिकन वंशाच्या तरुणांना रस्त्यात गाठून मारलं, कपडे फाडले. सिनेमात त्याची नाचाच्या हॉलमधली मजेशीर हाणामारी झाली आहे. आणि मारामारी चित्रित काय सुंदर केलीये, त्याचंच जास्त वाईट वाटतं. बाकी लिहितो, साहेबांचा फोन येतोय.

चष्मेबद्दू
एवढं काय मनावर घेता, तोंडावर पाय (तो क्रीमचा खाऊ हो) फेकाफेकीचा सिनेमा आहे तो. प्रत्येक विनोदी सिनेमाने इतिहासाचा तास घ्यायचा का?

सूर_बेसूर
@चष्मेबद्दू, पाय-फेकाफेकीवरून आठवलं. दिग्दर्शक कुब्रिकने अणुयुद्धावरच्या 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह'च्या शेवटाला अगदी तशीच, वॉररूममध्ये पुढाऱ्यांची क्रीम-पाय फेकाफेकी चित्रित केली होती. आणि कापून टाकली! प्रहसन होतंय, व्यंग राहत नाहीये म्हणून. १९६४चा सिनेमा अजून बोचतो तो उगाच नाही. तिथे जनरल लोक शांतपणे, आकडेमोड करत वेड्यासारखं बोलतात. इथे सगळे ओरडतात. दोन्हीकडे स्लिम पिकन्स आहे बरं का. तिकडे अणुबॉम्बवर बसून जातो, इकडे होकायंत्र गिळतो. माणूस तोच, हाताखालची पटकथा बघा.

अर्धवटराव
हाहा, "माणूस तोच" ला लाख लाईक.

मधली_सुट्टी
वाशिंग मशीन लावून आले, तोवर इतकी चर्चा! माझा अपेक्षाभंग 'कॅच-२२', महायुद्धातल्या अमेरिकी विमानदलावरचा. कादंबरी वेड्यासारखी आवडलेली. सिनेमात विमानं बघावीत तर खरीखुरी बी-२५ बॉम्बफेकी विमानं, एकामागोमाग एक उडतात, डोळे दिपतात. पण पुस्तक वाचताना हसता हसता घशात जो आवंढा येतो तो तिथे आला नाही. त्याच वर्षी, १९७०ला, लष्करी इस्पितळावरचा 'मॅश' आधी येऊन गेला होता. कमी पैशात, कोरियातल्या युद्धाचं नाव घेऊन व्हिएतनामच्या युद्धाबद्दल बोलून मोकळा. पुढच्याची पंचाईतच झाली.

सूर_बेसूर
'मॅश'मधला तो भोंगा! सूचना देणारा. तो एकटाच अर्धा सिनेमा खाऊन टाकतो.

मधली_सुट्टी
हो ना! पण त्यात बायकांची जी थट्टा आहे ती आता बघवत नाही. न्हाणीघराचा पडदा पाडतात तेव्हा मी उठून गेले.

चष्मेबद्दू
मुद्दा मान्य. पण '१९४१' पैशाने आपटला नव्हता हे नोंदवतो. समीक्षकांनी झोडपला, त्यामुळे सगळे आपटला आपटला म्हणतात. ऑस्करची तीन नामांकनंही होती. छायाचित्रण, ध्वनी आणि दृश्य परिणाम.

खिडकीतली
ध्वनीला!! माझ्या बाळाचा निषेध नोंदवा.

निवांत_एकदम
😂😂 लांबवलेली आवृत्तीही आहे म्हणे.

चष्मेबद्दू
आहे, १४६ मिनिटांची. मूळ दोन तासांच्या आतली. पाहिली मी. कोण का वागतंय ते जरा कळतं, एवढंच.

कडूलिंब
परत आलो. एक प्रसंग मात्र मला फार आवडतो. बाहेर रस्त्यावर दंगल पेटलीये आणि अमेरिकी जनरल स्टिलवेल थिएटरात 'डंबो' बघत रडताहेत. सगळ्या सिनेमात शुद्धीवर असलेला बहुधा तेवढाच एक माणूस, आणि तो बघतोय हत्तीचं कार्टून. असे आणखी चार प्रसंग असते तर हा धागा निघालाच नसता.

अर्धवटराव
स्टिलवेल म्हणजे स्टिलवेल रोडवालेच का? आसामातल्या लेडोपासून बर्मामार्गे चीनला जाणारा?

कडूलिंब
तेच. व्हिनेगर जो. तोंडाचे फटकळ म्हणून नाव पडलं.

मधली_सुट्टी
अवांतर : 'डंबो' किती वर्षांच्या मुलांना दाखवावा? माझा धाकटा हत्ती हत्ती करत मागे लागलाय.

सूर_बेसूर
पाचच्या पुढे दाखवा. आईला बेड्या घालून कोंडतात आणि ती गजातून सोंड बाहेर काढून पिल्लाला झुलवते, तिथे तुम्हीही शेजारी बसा.

खिडकीतली
जनरल रडतात तिथे आमच्या पोरांचं काय घेऊन बसलात. रुमाल आधीच काढून ठेवा.