आजारी पिल्लू गळ्यात पडलं, तर आहे तो कायदा पुरतो का?

गंगापूररोडकर
न्यूयॉर्क राज्यात डीलरकडून घेतलेलं पिल्लू आजारी असल्याचं पशुवैद्यानं कामकाजाच्या 14 दिवसांत लेखी दिलं, तर खरेदीदारापुढे तीन मार्ग असतात: परत देऊन पैसे घ्या, दुसरं पिल्लू घ्या, नाहीतर तेच ठेवून उपचाराचा खर्च मागा. जन्मजात दोषाला 180 दिवस मिळतात. कॅलिफोर्नियात मुदत 15 दिवस आणि एक वर्ष. आपल्याकडे नाशिकमध्ये पिल्लू सिडको-इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटमधून येतं, नाहीतर पुण्या-मुंबईहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण लागली की विकणारा फोन उचलत नाही. महाराष्ट्रानं यासाठी वेगळा कायदा करायलाच हवा.

ग्राहकबाजू
वेगळ्या कायद्याची गरज मला पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये 'वस्तू' म्हणजे जंगम मालमत्ता, आणि पिल्लू त्यात बसतं. कलम 2(47) वाचा. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरली जाते. चिठ्ठीवरची 'विकलेले पिल्लू परत घेतले जाणार नाही' ही ओळ म्हणजे मुदत नव्हे.

विक्रेता पुण्याचा असला तरी तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगात करता येते, कारण ग्राहक जिथे राहतो तिथे ती चालते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, लसीचं कार्ड, पशुवैद्याचा कागद हे सगळं पहिल्या दिवसापासून जपा.

शिवाय 2017 चे श्वान प्रजनन व विक्री नियम आहेतच. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही, ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मायक्रोचिप हवी, आणि आहार, लस, जंताच्या औषधाच्या तारखा व पशुवैद्याचं नाव-पत्ता लेखी द्यायचा. यातलं काय दिलं नाही, ते तक्रारीत एकेक करून मांडा.

केनेलवाला
प्रत्येक आजाराचं खापर विकणाऱ्यावर का? घरी नेलं की त्याच संध्याकाळी अंघोळ, वाटीभर गाईचं दूध, दुसऱ्या दिवशी एका लसीवर गोदाघाटावर फेरी. आधीचं कुत्रं पार्वोनं, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूनं, गेलेलं असतं तेही सांगत नाहीत. तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन् महिने टिकतो. 30 दिवसांची हमी कुठलाही प्रामाणिक ब्रीडर देऊ शकणार नाही.

पशुवैद्य_नाशिकरोड
दोघांचंही अर्धंच बरोबर आहे, कारण आजार दिवस मोजूनच ओळखायचा असतो. पार्वोची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण 3 ते 7 दिवस जातात. म्हणून पहिल्या एक-दोन दिवसांत उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू झाली, तर लागण विक्रेत्याकडचीच. सहाव्या दिवशी सुरू झाली तर वाद आहे. विसाव्या दिवशी पार्वो निघाला तर विक्रेत्याला जबाबदार धरणं कठीण. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्या विषाणूजन्य आजाराचं मात्र उलट. तो कित्येक आठवड्यांनीही उघडा पडतो. सगळ्या आजारांना एकच आकडा लावला तर कुणावर तरी अन्याय होणारच.

पुरावा पहिल्या 48 तासांतच तयार होतो. वजन, ताप, शौचाची जंतांसाठी तपासणी आणि पार्वोची किट टेस्ट करून तारीख-वेळेसह कागद घ्या. नुकतीच जिवंत लस दिली असेल तर किटवर कधी कधी फिकी रेघ उमटते. उलट, किट निगेटिव्ह आली म्हणून पार्वो नाही असंही नाही. म्हणून सोबत रक्ततपासणी करा. पांढऱ्या पेशी झपाट्यानं घसरल्या असतील तर संशय पक्का होत जातो. तोंड उघडून दातही बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला सहसा 28 दुधाचे दात आलेले असतात. दाढा अजून हिरडीतच असतील तर 'दोन महिन्यांचं' या शब्दावर विसंबू नका. कार्डावर लसीच्या बाटलीचं लेबल आहे पण पशुवैद्याची सही आणि नोंदणी क्रमांक नाही, तर लस कुणी आणि कशी टोचली याचा पत्ता नाही.

पिल्लू दगावलंच तर फ्रीझरमध्ये ठेवू नका, गोठलेल्या ऊतकांतून तपासणीला फारसं काही मिळत नाही. बर्फाच्या पिशव्यांत ठेवून त्याच दिवशी शवविच्छेदनाला न्या.

गंगापूररोडकर
हे सगळं करायचं कुणी? आधीच रडवेल्या झालेल्या घरानं. निकालाची कायद्यातली मुदत तीन महिने, प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच. पार्वो तीन-चार दिवसांत पिल्लाला नेतो. आणि फ्लॅटमधला विक्रेता सरळ म्हणतो, 'मी व्यापारी नाही, घरच्या कुत्रीची पिल्लं आहेत.'

ग्राहकबाजू
त्याला करार कायद्याचं कलम 17 लागतं. आजार माहीत असून लपवला तर ती फसवणूक, आणि कलम 19 खाली व्यवहार रद्द करता येतो. पण त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं, हे खरं. सिद्ध करण्याचा भार ग्राहकावर आहे, हेही मान्य. तेवढ्यापुरती 2017 च्या नियमांतच दुरुस्ती करा: पहिल्या सात दिवसांत संसर्गजन्य आजार दिसला तर तो विक्रीआधीचा धरायचा, तसं नाही हे विक्रेत्यानं दाखवायचं.

केनेलवाला
सात दिवस चालतील, पण एका अटीवर. 48 तासांत पशुवैद्याची तपासणी नसेल तर तो भार पुन्हा ग्राहकावर. आणि घरात मागच्या वर्षभरात पार्वो झाला होता का, हे खरेदीच्या चिठ्ठीवर त्यानं सहीनिशी लिहून द्यायचं.

पशुवैद्य_नाशिकरोड
ही अट योग्य आहे. फक्त डिस्टेंपरला सात दिवस पुरणार नाहीत, त्याची मुदत वेगळीच लिहावी लागेल.