एप्रिलमध्ये अल्झासची गावे: पाच दिवस, एक गाडी आणि बरोबर आई

मुळाकाठची (पुणे)

नमस्कार. पुढील एप्रिलमध्ये आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि 71 वर्षांची माझी आई, फ्रँकफुर्टला धाकट्या भावाकडे जाणार आहोत. त्या मुक्कामातले पाच दिवस काढून फ्रान्समधील अल्झास प्रांतातली द्राक्षमळ्यांची गावे भाड्याच्या गाडीने पाहावीत, असा विचार आहे. स्त्रासबूर, रिबोविल, रिक्वीर आणि कोल्मार अशा चार ठिकाणी एकेक रात्र राहून परतताना व्होज डोंगराच्या माथ्यावरून जाणाऱ्या रस्त्याने उतरावे, असा कच्चा आराखडा मी केला आहे. एप्रिलचा पहिला आठवडा बरा की शेवटचा, हा आराखडा आईच्या गुडघ्यांना झेपेल का, आणि पूर्ण शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. यजमानांनी याआधी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी कधीही चालवलेली नाही.

ऱ्हाइनकाठचा (फ्रायबुर्ग)

आम्ही ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, जर्मनीच्या बाजूला राहतो आणि वर्षातून दोन-तीनदा तरी तिकडे जातो. सर्वप्रथम एकेका रात्रीचे चार मुक्काम रद्द करा. तुम्ही लिहिलेल्या गावांपैकी स्त्रासबूर सोडले, तर बाकीची एकमेकांपासून इतकी जवळ आहेत की रोज सामान बांधण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढा प्रवासातही जाणार नाही. रिबोविल ते रिक्वीर जेमतेम पाच किलोमीटर आहे, आणि कोल्मारपासून एगिसहाइम, कायझर्सबर्ग व रिक्वीर ही तिन्ही गावे पंधरा किलोमीटरच्या आत येतात. द्राक्षमळ्यांच्या गावांतून मार्लेनहाइमपासून तान्नपर्यंत जाणारा पर्यटकांचा द्राक्षमार्ग 1953 साली आखला गेला आणि त्याची लांबी सुमारे 170 किलोमीटर आहे. तो सगळा पार करण्याचा हट्ट धरू नये. कोल्मारला चार रात्री राहा आणि रोज दोनच गावे पाहा.

डोंगरमाथ्याच्या रस्त्याविषयी मात्र स्पष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने रसद नेण्यासाठी बांधलेला तो रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो आणि एप्रिलमध्ये तो उघडलेला असेलच, याचा भरवसा देता येत नाही. त्याऐवजी ओ-क्योनिग्सबुरच्या किल्ल्यावर जा. अल्झास 1871 ते 1918 या काळात जर्मनीकडे होते, तेव्हा कैसर दुसऱ्या विल्हेल्मने या पडक्या किल्ल्याचा 1900 ते 1908 या वर्षांत जीर्णोद्धार करवून घेतला. गाडी किल्ल्याच्या बरीच जवळ जाते. आत मात्र पायऱ्या भरपूर आहेत, त्यामुळे आईंना बाहेरूनच मैदानाचे दृश्य पाहून समाधान मानावे लागेल.

आईंसाठी सर्वांत सोयीचे गाव एगिसहाइम. तिथल्या गल्ल्या मधल्या चौकाभोवती वर्तुळाकार वळत जातात, त्यामुळे चुकायची भीती नाही आणि चढही फारसा नाही. उलट रिक्वीरचा मुख्य रस्ता दगडी आणि सतत चढता आहे. गाड्या तटाबाहेरच्या सशुल्क वाहनतळावर लावाव्या लागतात, म्हणून सकाळी दहाच्या आत पोहोचलेले उत्तम.

पावसाची चिंता करू नका. सह्याद्रीच्या पूर्वेला जसा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे, तसेच कोल्मार व्होज डोंगराच्या आडोशाला आहे. फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत त्याची गणना होते.

निफाडकर

तारखेविषयी एका बागायतदाराचे मत. आमच्याकडे द्राक्षबागांत एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री चालते. तिकडे थंडीत वेल झोपलेली असताना एकदाच छाटणी होते आणि एप्रिलच्या मध्याच्या सुमारास वेलीचे डोळे, म्हणजे कोंब, फुटू लागतात. याचा अर्थ असा की पहिल्या आठवड्यात तुम्हाला डोंगरउतारावर हिरवे मळे दिसणार नाहीत, तारांना बांधलेली काळी खोडे दिसतील. मला स्वतःला ती पाहायला आवडली, कारण छाटणी कशी केली आहे ते तेव्हाच नीट कळते. पण छायाचित्रांतल्या हिरवाईच्या आशेने जाणाऱ्याचा हिरमोड होईल. शेवटच्या आठवड्यात निदान कोवळी पालवी मिळते. त्या दिवसांत रात्रीचा कडाका पडला, तर तिथले शेतकरी आपल्यासारखेच झोप घालवून बसतात.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे पांढरे बलाक पक्षी. 1970च्या दशकात अल्झासमध्ये त्यांच्या दहाहूनही कमी जोड्या उरल्या होत्या. रिबोविलजवळच्या उनावीर गावी 1976 साली संवर्धन केंद्र सुरू झाले आणि आता एप्रिलमध्ये चर्चच्या शिखरांवर व छपरांवर घरटी दिसतात. माना मागे टाकून ते चोचींचा जो खडखडाट करतात, तो आईंना बाकावर बसूनही ऐकू येईल.

शाकाहारी भटकी (ठाणे)

जेवणाचे सांगते. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे फ्लामकुख, अर्थात पातळ पोळीवर आंबट साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घालून भट्टीत भाजलेला प्रकार. मागवतानाच ‘सां लार्दों’ म्हणजे मांसाच्या तुकड्यांविना असे सांगितले, की बहुतेक ठिकाणी तसा करून देतात. मशरूम घातलेलाही मिळतो. बदाम-मनुक्यांचा गोड कुगलहोफ निर्धास्त खावा, पण त्याच आकाराचा खारा प्रकार दिसला तर चौकशी करावी, कारण त्यात मांस असते. एप्रिलच्या उत्तरार्धात पांढऱ्या शतावरीचा हंगाम सुरू होतो, ती अवश्य चाखावी. दुपारी दोननंतर बहुतेक स्वयंपाकघरे सातपर्यंत बंद होतात. हे ठाऊक नसल्यामुळे आम्ही एक दिवस बिस्किटांवर काढला. गुड फ्रायडेला उर्वरित फ्रान्समध्ये सुट्टी नसते, अल्झासमध्ये असते. म्हणून ईस्टरची तारीख पाहूनच दिवस ठरवा.

गाडीविषयी दोन शब्द. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच आरटीओकडून काढून घ्या, आणि क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचे असू द्या. आमचे कार्ड माझ्या नावाचे आणि चालक यजमान होते, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने गाडी देण्यास साफ नकार दिला होता. आपोआप गिअर बदलणारी गाडी हवी असल्यास ती आरक्षण करतानाच मागावी लागते.

ऱ्हाइनकाठचा (फ्रायबुर्ग)

यजमानांसाठी एक महत्त्वाची भर. फ्रान्समध्ये चौकात पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, मग ते बोळातून येणारे का असेना. कोनावर उभी पिवळी चौकोनी पाटी दिसली, तर तुमचा रस्ता मुख्य समजावा. पंपावर ‘गाझोल’ असे लिहिलेले असते ते डिझेल. नाव पेट्रोलसारखे वाटते म्हणून अनेकांची फसगत होते.

मुळाकाठची (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचा आठवडा, कोल्मारला चार रात्री, आणि डोंगरमाथ्याऐवजी उनावीर, असे आज घरी ठरले. आईने बलाकांचे वर्णन वाचून दुर्बीण घेण्यास सांगितले आहे. यजमान पहिल्या दिवशी भावाला शेजारी बसवून फ्रँकफुर्टच्या बाहेर सराव करतील.